पाच मिलिमीटरची लहर

सोलापुरात भवानी पेठेतल्या एखाद्या घरात आज एकाच राउटरवर टीव्हीचा सिनेमा, मोबाइलवरचा व्हिडिओ आणि मुलांचा ऑनलाइन तास एकाच वेळी चालतो. मध्ये वायर नसते. हे काम करतात आखूड रेडिओ लहरी. या लहरींचा बारकाईने अभ्यास सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात एका भारतीय प्राध्यापकाने केला होता. ते म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये जन्मलेले बोस डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेले. पण जुना ताप वारंवार उलटे आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने प्रकृती आणखी ढासळे. अखेर वैद्यकीचे शिक्षण सोडून त्यांनी केंब्रिजमध्ये विज्ञान घेतले. १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे भारतीयांना युरोपियनांपेक्षा कमी पगार मिळे. बोस यांनी तो नाकारला आणि तीन वर्षे एक पैसाही न घेता शिकवले. घरावर वडिलांचे कर्ज असताना त्यांनी हे केले. शेवटी सरकारने पूर्ण पगार थकबाकीसह दिला आणि त्यातून त्यांनी ते कर्ज फेडले.

प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली. हाताशी एक पत्र्याचे काम करणारा कारागीर. पिळलेला ताग आणि पानांमध्ये टिनचे वर्ख घातलेले रेल्वेचे वेळापत्रक अशा साध्या वस्तूंतून त्यांनी लहरींची दिशा तपासणारी साधने बनवली. त्यांनी निर्माण केलेल्या लहरी पाच मिलिमीटरपर्यंत आखूड होत्या. १८९५ मध्ये कोलकात्यात त्यांनी वायरीविना दूरवरची घंटा वाजवली आणि दारूचा स्फोट घडवला. १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

समुद्रापार संदेश धाडण्यासाठी मार्कोनी यांनी लांब लहरी निवडल्या. व्यवसाय त्या वाटेने गेला आणि आखूड लहरी मागे पडल्या. संशोधनातून पैसा कमवणे बोस यांना रुचत नव्हते. मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी एका शोधाचे अमेरिकी पेटंट घेतले, ते १९०४ मध्ये मिळाले. पण पुढे त्याचा त्यांनी लाभ घेतला नाही.

तेव्हा जे उणे वाटले तेच आज उपयोगी ठरले आहे. नेहमीच्या वाय-फायची लहर सुमारे सहा किंवा बारा सेंटिमीटरची असते. २०१२ मध्ये आलेले वायजिग तंत्र मात्र बोस यांच्याच पाच मिलिमीटरच्या लहरी वापरते. त्या भिंत ओलांडत नाहीत, म्हणून शेजारच्या खोलीतल्या संदेशांत मिसळत नाहीत. आणि एका खोलीत सेकंदाला सुमारे सात गिगाबिटपर्यंत माहिती वाहून नेतात.

या लहरींनी शरीराला अपाय होतो का, ही शंका अनेक घरांत असते. क्ष-किरणांप्रमाणे पेशीतले रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. तीव्रता फार वाढली तर त्या उष्णता निर्माण करतात. घरच्या राउटरची शक्ती मात्र सहसा वॅटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असते. पाच मिलिमीटरची लहर तर त्वचेच्या वरच्या थरातच शोषली जाते. झोप बिघडवतो आणि डोळ्यांवर ताण आणतो तो रात्री उशिरापर्यंत चालू राहिलेला पडदा.

बोस पुढे वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस विज्ञान मंदिर उभारले आणि तिथले संशोधन पेटंटविना सर्वांना खुले ठेवले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.