बड कॉलियर : सुपरमॅनचा आवाज

आमच्या वार्षिक अंकांत आजवर राजे, सेनापति, शास्त्रज्ञ व धर्मसेवक ह्यांचींच चरित्रें बहुधा येत आलीं आहेत. यंदा आम्ही एका नटाचें चरित्र लिहावयास घेतलें आहे, व तोहि असा कीं, त्याचा आवाज लक्षावधि मुलांच्या ओळखीचा असतां त्याचें नांव मात्र कित्येक वर्षें कोणासच ठाऊक नव्हतें. ह्या निवडीस एक कारण घडलें. गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गांत एका विद्यार्थ्याच्या भूगोलाच्या पुस्तकाआड सुपरमॅनचें चित्रपुस्तक सांपडलें. तें आम्ही काढून घेतलें व त्यास चार शब्दहि ऐकविले. मुलानें ते निमूटपणें ऐकून घेतले. नंतर मोठ्या अदबीनें त्यानें विचारलें कीं, ह्याच सुपरमॅननें एकदां रेडिओवर क्रूस जाळणाऱ्या लोकांशीं झुंज दिली होती, हें आपणांस ठाऊक आहे काय? आम्हांस तें ठाऊक नव्हतें. शिक्षकास असा प्रश्न पडला म्हणजे रात्रीं झोंप येत नाहीं. शोध घेतां घेतां जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवितों.

बड कॉलियर ह्यांचा जन्म ता. १८ जून १९०८ रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. त्यांचें मूळचें नांव क्लेटन जॉन्सन हीरमन्स. कॉलियर हें त्यांच्या आईच्या माहेरचें आडनांव. आजोळीं नाट्यकला होती, आणि थोरली बहीण जून हिनेंहि तेंच आडनांव घेऊन चित्रपटांत कीर्ति मिळविली. बड ह्यांनीं मात्र आरंभीं सरळ मार्ग धरिला. विल्यम्स कॉलेजांत शिक्षण झाल्यावर फोर्डहॅम विद्यापीठांत त्यांनीं कायद्याचा अभ्यास केला व एका वकिलाच्या कचेरींत उमेदवारी पतकरली. विद्यार्थिदशेंत ते रेडिओवर गात असत. वर्षभर कचेरींत मान मोडून जें मिळे तें रेडिओवर महिन्याभरांत मिळतें, असा हिशेब त्यांच्या ध्यानीं आला, आणि कायद्याचीं पुस्तकें मिटलीं. आमच्या कांहीं पालकांस हा हिशेब आवडणार नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु जें घडलें तें लिहिलें पाहिजे.

तो काळ अमेरिकेंत श्रुतिकांच्या भरभराटीचा होता. १९३३ सालीं डेट्रॉइट येथून लोन रेंजर ह्या मुखवटेधारी घोडेस्वाराच्या गोष्टी सुरू झाल्या. १९३६ सालीं त्याच शहरांतून ग्रीन हॉर्नेट आला. १९३७ सालीं शॅडो नामक अदृश्य गुन्हेशोधकाची भूमिका ऑर्सन वेल्स ह्या तरुण नटाकडे आली. सायंकाळीं घरचीं मंडळी रेडिओपुढें बसत व दिसत कांहींच नसतां सारें पाहत. नाटकघर म्हणजे एक लहानशी खोली. नट हातांत कागद घेऊन ध्वनिक्षेपकापुढें उभे, आणि बाजूस आवाज निर्माण करणारा गृहस्थ. नारळाच्या करवंट्या आपटून तो घोडे दौडवी. चुरचुरीत कागद मुठींत चुरगळून आग लावी. मुलांनीं ही करामत घरीं करून पाहावी. करवंट्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.

१९३८ सालच्या जून महिन्याच्या ॲक्शन कॉमिक्सच्या अंकांत जेरी सीगल व जो शूस्टर ह्या दोन तरुणांनीं निर्मिलेला सुपरमॅन प्रथम अवतरला, आणि दोन वर्षांच्या आंत, ता. १२ फेब्रुवारी १९४० रोजीं, तो रेडिओवर आला. येथें एक अडचण होती. कागदावर सुपरमॅन व क्लार्क केंट हे एकच असून दोन कसे दिसतात, हें चित्रकार चष्मा व पोशाख काढून दाखवितो. डोळे मिटून ऐकणाऱ्यास तें कसें कळावें? कॉलियर ह्यांनीं ती अडचण आपल्या कंठानें सोडविली. केंट ह्या भिडस्त बातमीदाराचें भाषण ते किंचित् उंच व हलक्या पट्टींत करीत. आणि आतां हें काम सुपरमॅनचें आहे अशा अर्थाचें वाक्य उच्चारतांना अर्ध्यावरच त्यांचा आवाज खालच्या, भरदार पट्टींत उतरे. वाक्याचा आरंभ केंटचा, शेवट सुपरमॅनचा. चष्मा काढणें, कोट टाकणें, झगा पसरणें हें सारें त्या एका श्वासांत उरके. उडतांनाहि त्यास तसें मोठ्यानें बोलून दाखवावें लागे, नाहीं तर तो उडाला हें कोणास कळणार? मागोमाग वाऱ्याचा घोंघाट येई व मुलांस आकाश दिसे.

आरंभीं हे भाग तबकड्यांवर मुद्रित करून निरनिराळ्या केंद्रांस पाठविले जात. १९४२ पासून ते म्युच्युअल ह्या देशव्यापी जाळ्यावरून जाऊं लागले. भाग पंधरा मिनिटांचा, आणि पुढें तर आठवड्यांतून पांच दिवस. १९५१ सालीं मालिका संपली तोंवर दोन हजारांहून अधिक भाग झाले होते. कॉलियर ह्यांनीं १९५० सालीं ती भूमिका सोडली. म्हणजे जवळजवळ दहा वर्षें हा मनुष्य सुपरमॅन होता. आज मुलें ज्या गोष्टी चित्रपुस्तकांतल्याच समजतात त्यांपैकीं कांहीं ह्या रेडिओवरच्या आहेत. जिमी ओल्सेन हें नांव १९४० सालीं प्रथम येथेंच ऐकूं आलें, आणि ज्याच्यापुढें सुपरमॅन दुबळा होतो तो क्रिप्टोनाइट दगडहि १९४३ सालीं येथेंच निघाला. कॉलियरांस विश्रांति हवी असे तेव्हां नायक त्या दगडाच्या प्रभावानें मूर्च्छित पडे व त्याचें कण्हणें दुसरा नट करी, अशी आठवण सांगितली जाते. १९४५ पासून बॅटमॅन व रॉबिन हेहि त्या मालिकेंत येऊं लागले.

इतकें सर्व होत असतां नटाचें नांव श्रोत्यांस सांगितलें जात नसे. सुपरमॅन हा सुपरमॅनच आहे, हा मुलांचा विश्वास मोडूं नये अशी योजना होती. नटास टाळी ही अन्नासारखी असते. ती सोडून एका मनुष्यानें सहा वर्षें काम केलें हें आम्हांस त्या उड्डाणांहून थोर वाटतें.

परंतु चरित्र लिहावयाचें तर सगळेंच गोड लिहितां येत नाहीं. महायुद्धाच्या काळांत सुपरमॅनचीं जीं हलतीं व्यंगचित्रें निघालीं त्यांतहि आवाज कॉलियरांचाच होता, आणि १९४२ सालच्या जॅपोटर्स नामक चित्रांत जपानी माणसें अशीं रंगविलीं आहेत कीं तीं पाहतांना लाज वाटते. शत्रूशीं लढणें निराळें आणि एका साऱ्या जातीचें तोंड विद्रूप करणें निराळें. तोच आवाज चार वर्षांनीं कोणत्या कामास लागला हें पाहिलें म्हणजे ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेवाव्याशा वाटतात.

१९४६ सालच्या उन्हाळ्यांत, जूनच्या १० तारखेपासून, मालिकेंत सोळा भागांची एक कथा सुरू झाली. तिचें नांव जळत्या क्रूसाची टोळी. अमेरिकेंत कू क्लक्स क्लॅन नांवाची गुप्त टोळी होती. तिचे लोक पांढरे बुरखे घालून रात्रीं निघत, कृष्णवर्णी, यहूदी, कॅथोलिक व परदेशांतून आलेले लोक ह्यांचा छळ करीत, आणि त्यांस धाक घालण्यासाठीं क्रूस पेटवीत. ज्या चिन्हाकडे आम्ही क्षमेसाठीं पाहतों तेंच त्यांनीं भयासाठीं वापरिलें. निर्माते रॉबर्ट मॅक्सवेल ह्यांनीं ह्या टोळीस, नांव किंचित् बदलून, मुलांच्या मालिकेंत उभें केलें.

कथा अशी. ली नांवाचें एक चिनी कुटुंब मेट्रोपोलिस शहरांत राहावयास येतें. मुलगा टॉमी हा बेसबॉलमध्यें चेंडू टाकण्यांत तरबेज. संघांत त्यास मानाची जागा मिळते. चक रिग्ज नांवाच्या मुलाची जागा त्यामुळें जाते. चक रागानें घरीं येऊन कुरकुर करतो. पोरांचीं भांडणें संध्याकाळपर्यंत विरावयाचीं. परंतु ह्याचा चुलता मॅट रिग्ज हा त्या टोळीचा म्होरक्या आहे, आणि पुतण्याच्या रागांत तो आपलें विष मिसळतो. त्या रात्रीं ली कुटुंबाच्या अंगणांत क्रूस जळतो. पुढें टॉमीच्या जिवावर बेततें. सुपरमॅन पर्वत हलवूं शकतो, गोळी झेलूं शकतो. पण टोळींत कोण आहे हें सांगावयाचें तें चकनेंच. चुलत्याविरुद्ध तोंड उघडणें त्या पोराच्या शक्तीबाहेरचें वाटतें, आणि तो अखेरीस तें उघडतो. सोळा भागांतील खरें धाडस तें.

आम्हांस त्याहूनहि एक प्रसंग विशेष वाटला. शेवटीं मॅट रिग्ज आपल्या वरिष्ठाकडे आश्रयास जातो, तों तो वरिष्ठ त्यासच हसतो. ही सारी बडबड त्याला खरी वाटली काय? अंगरखे, बुरखे व वर्गणी विकून पैसा करण्याचा हा धंदा आहे, दुसरें कांहीं नाहीं. द्वेषाचा पुजारी द्वेषाच्या दुकानांत गिऱ्हाईक ठरतो. मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टींत इतकें परखड लिहिलेलें आम्हीं क्वचितच पाहिलें आहे. छळलेलें कुटुंब मात्र चिनी घेतलें, कृष्णवर्णी घेतलें नाहीं; क्लॅनचा मुख्य रोष कोणावर होता हें सर्वांस ठाऊक असतां एवढें धैर्य झालें नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

ह्या मोहिमेमुळें श्रोते घटले नाहींत, उलट वाढले. आणि त्याच वर्षीं टाइम साप्ताहिकास मुलाखत देऊन कॉलियर ह्यांनीं आपलें नांव प्रथमच उघड केलें. सहा वर्षें झांकलेला बुरखा काढला तो ह्या कामाची बाजू मांडण्यासाठीं.

पुढें दूरचित्रवाणी आली व त्यांचा चेहराहि घरोघरीं पोंचला. १९५० पासून बीट द क्लॉक हा खेळांचा कार्यक्रम त्यांनीं चालविला. १९५६ पासून १९६८ पर्यंत त्यांच्याकडे टु टेल द ट्रुथ हा दुसरा कार्यक्रम होता. त्यांत तीन माणसें एकच नांव सांगत व त्यांतला खरा कोण हें परीक्षकांनीं ओळखावयाचें. दोन आवाजांच्या मनुष्यास हें काम मिळावें ही गंमतच. पत्नी मॅरियन शॉक्ली ह्याहि नटी. एलेरी क्वीन ह्या रेडिओवरील गुन्हेशोधकाच्या कथांत निकी पोर्टरची भूमिका त्यांनीं केली होती. आठवडाभर हें सर्व करून रविवारीं कॉलियर कनेटिकट संस्थानांतील ग्रीनिच येथें प्रेस्बिटेरियन मंडळीच्या शब्बाथशाळेंत मुलांस शिकवीत. हा क्रम पस्तीस वर्षांहून अधिक चालला. भक्तिपर दोन पुस्तकेंहि त्यांनीं लिहिलीं. १९६६ सालीं सुपरमॅनचीं नवीं व्यंगचित्रें निघालीं तेव्हां जोन अलेक्झांडर, जॅक्सन बेक ह्या जुन्या सोबत्यांसह ते पुनः ध्वनिक्षेपकापुढें उभे राहिले.

ता. ८ सप्टेंबर १९६९ रोजीं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, ग्रीनिच येथें त्यांनीं देह ठेविला. टु टेल द ट्रुथची नवी आवृत्ति, दुसऱ्या सूत्रधारासह, त्याच दिवशीं सुरू झाली. जळत्या क्रूसाच्या कथेचे सोळाहि भाग आज ऐकावयास मिळतात. आम्हीं ते एका सुट्टींत ऐकिले, आणि त्या विद्यार्थ्याचें चित्रपुस्तक त्यास परत केलें. भूगोलाचा धडा मात्र त्याच्याकडे अद्याप बाकी आहे.