राजा भुकेबद्दल विचारेल

आजचं वाचन : मत्तय २५:३१–४६



आज एक कबुली देऊन सुरुवात करतो. मागच्या वर्षी माझी आई प्रभूजवळ गेली. त्यानंतर काही महिने मला एकच नाद लागला होता. कोपरला सकाळची लोकल पकडली की कानात इअरफोन आणि मोबाइलवर शेवटच्या काळाचे व्हिडिओ. कुठलं युद्ध प्रकटीकरणाच्या कुठल्या अध्यायात बसतं, प्रभूचं द्वितीयागमन किती वर्षांवर आलंय, वगैरे. इंजिनिअरचं डोकं, त्यामुळे मी चक्क एक्सेल शीट केली. एका रकान्यात दानिएलची सप्तकं, दुसऱ्यात बातम्या. खरं सांगू? मला जगाचा शेवट नको होता. मला आई परत भेटायला हवी होती.

आजचा उताराही शेवटच्या दिवसाचाच आहे. राजा गौरवाने येतो, सिंहासनावर बसतो, मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो. पण तो तारखेबद्दल काही विचारत नाही. तारीख फक्त पित्यालाच ठाऊक आहे, हे प्रभूने आदल्याच अध्यायात सांगून टाकलंय. राजा बोलतो ते भुकेबद्दल, तहानेबद्दल, उघड्या अंगाबद्दल, तुरुंगातल्या माणसाबद्दल.

हा उतारा वाचताना मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांचं नाव आपण शाळेत समाजसुधारक म्हणून वाचलं. पण त्यांचं सगळं आयुष्य याच दोन प्रश्नांभोवती फिरलं : भूक आणि सार्वकालिक जीवन.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढे आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं फिरलं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि पोटात गेलं. मजुरी करायची माहीत नव्हती आणि भीक मागायची लाज वाटे. एकदा तर ११ दिवस त्यांनी रानात पाणी आणि पाला खाऊन काढले. १८७४ मध्ये वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली आणि पुढे थोरली बहीणही. आईच्या शेवटच्या आजारात रमाबाईंनी शेजारून भाकरीचा तुकडा मागून आणला, पण तो खाण्याचं बळ आईत उरलं नव्हतं. तेव्हा रमाबाई जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या.

भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी चालत देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण इथेच एक गाठ बसली. धर्मशास्त्रं वाचताना त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली. स्त्री म्हणून आपल्याला मोक्षाची वाट मोकळी नाही, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला, आणि ते त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलं. दरम्यान १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये नवरा गेला. चोविशीच्या आत त्या विधवा झाल्या, मांडीवर तान्हं मूल आणि माहेरचं कोणी मागे उरलेलं नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कमी ऐकू येऊ लागल्यामुळे ते राहून गेलं. लंडनमध्ये वाँटेजच्या भगिनींचं एक काम त्यांनी पाहिलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे मायेने सेवा चालायची. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने योहान ४ वाचून दाखवला : येशू आणि शोमरोनी स्त्री. विहिरीवरची एक बदनाम बाई आणि तिला देऊ केलेलं सार्वकालिक जीवनाचं पाणी. जी वाट बंद आहे असं वाटत होतं, ती इथे एका स्त्रीपुढेच सगळ्यात आधी उघडलेली दिसली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

म्हणून त्यांचे प्रश्न संपले असं मात्र नाही. त्रैक्यावरून त्या आपल्या गुरुभगिनींशी पत्रांतून कडकडून वाद घालत होत्या. विश्वासात यायला त्यांनी डोकं गहाण टाकलं नाही. हे आपल्यासारख्यांना धीर देणारं आहे.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहताना त्यांना काय आठवलं असेल, ते सांगायला नको. पैसे नव्हते, जागा नव्हती, तरी शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे विहिरी खणल्या, शेती लावली, विणकाम, शाळा, छापखाना सुरू केला. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या जवळपास जीव राहत होते. बहिष्कृत स्त्रियांसाठी वेगळं कृपा सदनही निघालं. वाँटेजच्या भगिनींचं काम आता केडगावात चालू झालं होतं.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं. रात्ररात्र प्रार्थना चालायच्या. पण दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायच्याच होत्या. प्रभू लवकर येणार म्हणून कोणी चूल बंद ठेवली नाही. शेवटची पंधरा-वीस वर्षं रमाबाईंनी पवित्र शास्त्राचं मूळ इब्री आणि ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. पोटची एकुलती एक मुलगी, हातातलं काम पुढे नेणारी. रमाबाई काम करत राहिल्या. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ ला त्या प्रभूजवळ गेल्या.

ज्या बाईने इतक्या माणसांना निरोप दिला, तिला पुनरुत्थानाची ओढ आपल्यापेक्षा कमी असेल का? पण त्या वाट पाहत बसल्या नाहीत. सार्वकालिक जीवन मेल्यावर सुरू होतं असं त्यांनी मानलंच नाही. विहिरीवरच्या त्या बाईला पाणी त्याच दुपारी मिळालं होतं. सेवेने तारण विकत मिळत नाही, तारण कृपेनेच होतं. पण ज्याला ते पाणी मिळालं, त्याच्या दारातला भुकेला तसाच परत जात नाही, एवढंच आजचा उतारा सांगतो.

आता उरलेली कबुली. माझी आई रोज दोन पोळ्या जास्त लाटायची, आमच्या बिल्डिंगच्या रात्रपाळीच्या वॉचमनकाकांसाठी. ती गेली आणि ते बंद पडलं. मी शेवटच्या काळाच्या खुणा मोजत होतो, आणि ही गोष्ट कित्येक महिने माझ्या लक्षातही आली नाही. काकांनी कधी विचारलं नाही.

ती एक्सेल शीट मी डिलीट केली. आता पोळ्या मी लाटतो. गोल होत नाहीत. काका हसतात आणि खातात.

प्रार्थना : प्रभू येशू, तू येणार आहेस, यावर आमचा विश्वास आहे. आमची गेलेली माणसं तुझ्या हाती आहेत. तू येशील तेव्हा आम्ही आकाशाकडे बघत बसलेले नको, कोणाला तरी वाढताना सापडू दे. आमेन.