नकलेत गेलेली वर्षं

दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालापाशी लोक फारसे थांबत नाहीत. ज्याला त्याला अंधारीत शिरायची घाई असते. भुयारातली वटवाघळं, गाइडच्या हातातली मशाल, मुलांचा आरडाओरडा, सगळी मौज पुढं असते. चिनी महालात पाहायचं तरी काय? एक पडकी वास्तू आणि तिच्या भिंतीवर उरलेल्या थोड्या निळ्यापांढऱ्या चकचकीत फरशा. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबानं १६८७ नंतर इथं कैदेत ठेवलं होतं, ही माहिती पाटीवर वाचायची आणि पुढं निघायचं.

गेल्या हिवाळ्यात मी मात्र त्या भिंतीसमोर एका दगडावर तीन तास बसून होतो. माझी पुतणी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. एखाद्या जुन्या वास्तूतली नक्षी मोजून-मापून उतरवून आणायची आणि ती मूळ कारागिरानं कशी केली असेल याची वही लिहायची, असं तिचं सबमिशन होतं. पहिल्यांदा केलेले कागद सरांनी परत दिले होते. कारण असं की, जिथं फरशी फुटलेली होती तिथं तिनं शेजारची नक्षी पाहून रिकामी जागा भरून काढली होती. चित्र सुंदर दिसत होतं. पण ते भिंतीवर नव्हतं, असं सरांचं म्हणणं. पोरगी हिरमुसली होती. त्यात घरी आमच्या बंधुराजांचं रोजचं पालुपद होतंच, की चार वर्षं दुसऱ्यांच्या भिंती उतरवून पोट कसं भरणार. वर्ष अर्धवट टाकून दुसरीकडं प्रवेश घ्यावा असं घरात घाटत होतं. मी सोबत गेलो तो खरं तर तिची समजूत काढायला. पण कोणत्या बाजूनं काढायची, हे माझंही ठरलेलं नव्हतं. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेचं माझं प्रमाणपत्र अजून कपाटात आहे आणि ते तिथंच राहिलं. मी बँकेत लागलो.

उन्हं कलल्यावर आम्ही वेरूळच्या रस्त्यानं कागजीपुऱ्याला गेलो. महंमद तुघलकानं राजधानी इकडं हलवली तेव्हा कागद करणारे कारागीर त्याच्याबरोबर आले आणि या वस्तीत राहिले, असं सांगतात. हातकागदाचे पाच ताव घेऊन परतताना गाडीत तिनं मला सरळ विचारलं, की नकला करून कोणी मोठा चित्रकार झालाय का? मला जे नाव सुचलं ते पेस्तनजी बोमनजी यांचं. चित्रकलेच्या इतिहासात त्यांचं नाव मोठं आहे. पण त्यांच्या उमेदीचा काळ याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या लेण्यांत, अशाच एका न संपणाऱ्या सबमिशनमध्ये गेला, हे घरोघरी माहीत असेल असं वाटत नाही. तिलाही नव्हतं. रस्ताभर मी सांगत गेलो. त्या रात्री घरी आल्यावर पुस्तकं पुन्हा काढली. हा लेख त्यातूनच आला.

पेस्तनजींचा जन्म मुंबईतल्या पारशी कुटुंबात १८५१ सालचा. सर जमशेटजी जीजीभाईंनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा उभी राहिली ती १८५७ मध्ये. पेस्तनजी त्या शाळेत दाखल झाले तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्यांना व्हायचं होतं शिल्पकार. १८६५ मध्ये विलायतेहून दोन तरुण शिक्षक आले. शिल्पासाठी लॉकवुड किपलिंग, ज्यांचा मुलगा रुडयार्ड पुढं जगप्रसिद्ध लेखक झाला, आणि चित्रासाठी जॉन ग्रिफिथ्स. पेस्तनजी किपलिंगसाहेबांच्या हाताखाली माती कालवू लागले.

त्या शाळेतला अभ्यासक्रम विलायतेच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीचा होता. आधी सपाट नमुन्यावरून बाह्यरेषा, मग प्लास्टरच्या ठोकळ्यांवरून, मग ग्रीक पुतळ्यांच्या साच्यांवरून छायाप्रकाश आणि त्यानंतर जिवंत माणूस. म्हणजे पहिली काही वर्षं विद्यार्थ्यानं स्वतःचं म्हणून काही काढायचंच नाही. हात आणि डोळा यांची जोडी जमेपर्यंत समोर ठेवलेलं उतरवायचं. आजच्या पालकांना हे क्रूर वाटेल. पण सुतारकामात, गाण्यात, स्वयंपाकात आपल्याकडं याहून वेगळं काय होतं? आमच्या बँकेतही नवा कारकून पहिलं वर्ष दुसऱ्याचीच लेजरं उतरवत असे.

ग्रिफिथ्स यांच्या डोक्यात अजिंठा होता. १८१९ साली जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि भिंतींवरची चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात असं पुढं सरकारनं ठरवलं. मद्रासच्या लष्करातले रॉबर्ट गिल १८४४ पासून एकोणीस वर्षं ते काम करत होते. त्यांच्या बहुतेक प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या, त्या डिसेंबर १८६६ मध्ये आगीत गेल्या. तेव्हा काम पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरलं. सरकारी अनुदान मिळालं आणि १८७२ मध्ये ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन निघाले. पेस्तनजी तेव्हा एकवीस वर्षांचे होते. शिल्प सुटलं, हातात ब्रश आला.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. औरंगाबादला रेल्वे आली ती १९०० साली. त्यामुळं मुंबईच्या माणसाला सोयीचं स्टेशन म्हणजे खानदेशातलं पाचोरा, आणि तिथून पुढं बैलगाडी. काम करायचं ते हिवाळ्याच्या महिन्यांत. लेण्यांत उजेड नाही. मी नव्वदच्या दशकात औरंगाबादला बदलून आलो तेव्हासुद्धा लेण्याबाहेर एक माणूस पत्र्याचा आरसा धरून उभा असे. तो ऊन आत फेकायचा, आतला दुसरा ते पांढऱ्या कापडावर घ्यायचा, आणि त्या परतलेल्या मऊ उजेडात पद्मपाणी हळूहळू भिंतीतून वर येई. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. तो उजेड मला दहा मिनिटं मिळाला आणि धन्य वाटलं. तशा अंधारात महिनोन्‌महिने रंग जुळवणं म्हणजे काय असेल, याचा विचार करावा. भिंतीवरचा हिरवा आणि आपल्या पॅलेटवरचा हिरवा एकच आहे की नाही हे ठरवायचं, आणि बाहेर उन्हात आणला की तो भलताच निघायचा.

खरी अडचण मात्र याहून खोल होती. अजिंठ्याची भिंत म्हणजे खडकावर चढवलेला मातीचा गिलावा. त्यात भाताचं तूस, गवताचे धागे, वाळू. त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी यांसारखे रंग डिंक-सरसात कालवून लावलेले. निळा तेवढा परदेशातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. अशा भिंतीला चमक नसते. तिथं रूप उभं राहतं ते रेषेतून. बोट, भुवई, कंबर, सगळं एका न तुटणाऱ्या वळणात. आणि या मुलांच्या हातात काय? कॅनव्हास आणि तेलरंग. शाळेनं शिकवलेलं काय? एका बाजूनं प्रकाश, दुसऱ्या बाजूला गडद छाया. तेलरंग चकाकतो, छाया मागतो. म्हणजे जे शिकण्यात सात-आठ वर्षं घालवली ते या भिंतीपुढं बाजूला ठेवायचं, आणि तरीही त्याच साहित्यात भिंतीचा चुनेरीपणा आणायचा. जगन्नाथ अनंत, जयराव राघोबा अशी आणखी काही नावं या पथकातली सापडतात. ही सगळी विशीतली मुलं होती. त्यांच्या ज्या काही प्रती मी छापील स्वरूपात पाहिल्या, त्यांत गिलाव्याचे उडालेले पोपडेही तितक्याच इमानानं उतरवलेले दिसतात. जिथं चेहरा नव्हता तिथं त्यांनी चेहरा काढला नाही. हे वाक्य मी गाडीत पुतणीला सांगितलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली.

इथं एक बँकेतली गोष्ट सांगतो. मी एकदा एक चेक पास केला आणि तो बनावट निघाला. सही नमुना कार्डाशी तंतोतंत जुळत होती. म्हणून तर पास केला. चौकशीला आलेल्या एका वयस्कर अधिकाऱ्यानं मला शांतपणे समजावलं, की तंतोतंत जुळली तिथंच संशय यायला हवा होता. खरा माणूस दोनदा सारखी सही करत नाही. काचेवर ठेवून गिरवलेली सहीच एवढी सारखी येते. गिरवणं आणि पाहून काढणं यातला फरक मला तेव्हा पहिल्यांदा कळला, तोही पगारातून रक्कम वळती झाल्यावर. ग्रिफिथ्स यांच्या मुलांचं काम गिरवण्याचं नव्हतं, बघण्याचं होतं. प्रत्येक रेषा कोणत्या वेगानं, कुठून कुठं ओढली असेल हे ओळखून ती पुन्हा ओढायची.

हे १८८५ पर्यंत चाललं. सुमारे तीनशे प्रती झाल्या. मोठ्यातले मोठे कॅनव्हास तीन मीटर बाय सहा मीटरच्या घरातले. त्या प्रती लंडनला गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या दालनांत लागल्या, आणि १८८५ मध्ये तिथंही आग लागली. शंभरावर चित्रं जळाली किंवा खराब झाली. गिल यांच्या प्रती जळाल्या म्हणून ज्या प्रती केल्या, त्यांच्याही नशिबी तेच. पेस्तनजी तेव्हा चौतीस वर्षांचे होते. ज्या वयात माणूस स्वतःचं नाव करतो ती वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणा अनाम चितारांची चित्रं करण्यात घातली, आणि त्यातला मोठा भाग सातासमुद्रापार राख झाला. बातमी मुंबईला आली तेव्हा त्यांच्या मनाचं काय झालं असेल, याची कल्पना मी कादंबरीकार असूनही करायला धजत नाही. उरलेल्या कामावरून ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर नाव अर्थातच गुरूंचं.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. भिंतीवरची चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून या पथकाच्या काळात त्यांच्यावर व्हार्निश फासलं गेलं. पुढं ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि सुकून आक्रसताना मूळ रंगाचे पापुद्रे सोबत घेऊन सुटू लागलं. निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी धरून ठेवला, पण त्यांनी वापरलेली लाखही कालांतरानं काळी झाली. हे सारं अलगद काढण्याचं काम आपलं पुरातत्त्व खातं त्यानंतर कित्येक दशकं करत आलं. म्हणजे ज्यांनी अजिंठा वाचवायला इतकी वर्षं दिली त्यांच्या हातून त्याला इजाही झाली. पेस्तनजी त्या पथकातले आघाडीचे. त्यांचा हिशेब मांडताना हा आकडाही त्यांच्याच पानावर लिहावा लागतो. पण याच पानावर जमेची बाजू अशी, की त्यानंतर भिंतीवरून जे कायमचं गळून गेलं त्यातलं काही आज फक्त त्या मुलांच्या कॅनव्हासवर शिल्लक आहे. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या मिळून १६६ प्रती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

मग पेस्तनजींचं स्वतःचं काय? मधल्या काळात व्हॅलेंटाइन प्रिन्सेप हे विलायतेतले नामांकित चित्रकार १८७७ च्या दिल्ली दरबाराचं चित्र करण्यासाठी हिंदुस्थानात आले होते. त्यांच्याकडून पेस्तनजींना व्यक्तिचित्रणाचे धडे मिळाले. पोपटाला भरवतानाचं त्यांचं चित्र १८८२ मधलं, म्हणजे अजिंठ्याचं काम चालू असतानाचंच. लेण्यांतून परत आल्यावर हा माणूस आपल्या घराकडं, आपल्या पारशी समाजाकडं वळला. घरातल्या बायका, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे, खिडकीतून येणारा बेताचा उजेड. या चित्रांत अजिंठा शोधायला जाल तर एक कमळही सापडणार नाही. सगळं पाश्चात्त्य पद्धतीचं, तेलरंगातलं, छायाप्रकाशाचं. मुंबईच्या वास्तववादी व्यक्तिचित्रणाच्या परंपरेत आरंभीचं आणि मानाचं नाव म्हणून त्यांच्याकडं बोट दाखवलं जातं ते या चित्रांमुळं.

गंमत पुढंच आहे. १९०९ ते १९११ मध्ये लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे बंगालचे तरुण चित्रकार अजिंठ्याला प्रती करायला आले, आणि त्यांच्या मागोमाग अजिंठा हा स्वदेशी चित्रकलेचा आदर्श ठरला. पुढं मुंबईच्या कलाशाळेतही भारतीय शैलीचं वारं वाहू लागलं. ज्याला त्याला अजिंठ्याची वळणं हवीशी झाली. आणि ती वळणं ज्यांच्या मनगटात मुरली होती ते पेस्तनजी मुंबईत हयात होते. १९३८ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी ते गेले. त्या वाऱ्यावर स्वार होऊन अजिंठा छापाची चित्रं काढायला त्यांच्याइतका हक्क कुणाला होता? त्यांनी ती काढली नाहीत. काही अभ्यासकांना यात इंग्रजी शिक्षणाचा पगडा दिसतो, आणि तो असेलही. मला मात्र वाटतं, इतकी वर्षं त्या भिंतीजवळ काढलेल्या माणसाला ती आपली नाही हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक असावं. त्यांनी तिथून रेषा आणली नाही, बघायची सवय आणली. घरातल्या म्हातारीचा चेहरा त्यांनी पाहिला तो पोपड्यांसकट.

माझ्या पुतणीनं मात्र हे मान्य केलं नाही. तिचं म्हणणं, की इतक्या वर्षांनंतर माणूस कंटाळतोही, काका. असेल. तीही भिंतीसमोर बसलेली आहे, मी नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा दौलताबादला गेलो. येताना रस्त्यावर पेरू घेतले. कागजीपुऱ्याचा कागद रंग फार पितो, म्हणून तिनं आधी कोपऱ्यात चार-पाच निळ्या पट्ट्या ओढून पाहिल्या. मग फुटक्या फरशीच्या जागी तिनं काहीच काढलं नाही. कागद कोरा ठेवला आणि त्या कोऱ्या जागेची कड तेवढी पेन्सिलीनं नीट मोजून घेतली. त्या कडेलाच तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी पट्टीचं दुसरं टोक धरून उभा होतो.