रमाबाई रानडे आणि ‘चार बायका’

रमाबाई रानडे यांची कथा आपल्यापैकी अनेकींनी मालिकेत पाहिली आहे. मला मात्र त्यांच्या चरित्रात एक प्रश्न नेहमी अडवतो. बाईने शिकणे अशुभ, ही समजूत बायकांच्याच मनात एवढी घट्ट कशी बसली होती?

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. माहेरी मुलींना अक्षरओळख नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी कुमारिकेशीच लग्न केले. एवढा विद्वान पुरुष घरापुढे वाकला, तर माजघरातल्या बायकांना काय बोल लावावा!

रानडे पत्नीला शिकवीत आणि घरच्या वडीलधाऱ्या बायका तिला टोमणे मारीत, अबोला धरीत. मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून वाचले, तेव्हा तर फारच बोलणी बसली. त्या बायका दुष्ट होत्या असे मला वाटत नाही. सोवळे, पंगत, व्रते, हळदीकुंकू हीच त्यांची शाळा. वेगळे बोलणारीला पंगतीत जागा नाही, हे भय पुरुषांनाही होते. १८९० साली पंचहौद मिशनमधील चहावरून पुण्यात ग्रामण्य उठले आणि पुढे खुद्द रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले.

पण १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. तिथेही चार बायकाच जमत, फक्त तिथे वाचणे-बोलणे ही नित्याची गोष्ट होती. आपल्या ईटमध्ये नाही का, सून एकटी शिवणवर्गाला निघाली की सासूबाई नाके मुरडतात. शेजारच्या चौघी निघाल्या की त्याच डबा बांधून देतात!

रमाबाईंनी हे नेमके ओळखले असावे. १९०१ साली रानडे वारले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि त्याचा भार रमाबाईंनी उचलला. परक्या रोग्याला शिवायचे, म्हणून परिचारिकेचे काम तेव्हा हलके समजत. त्या वादात शिरल्या नाहीत. रूढीवर उघड हल्लाही केला नाही. काही सुधारकांना हे मवाळ वाटले असेल, मला ते शहाणपणाचे वाटते. विधवा आणि गरजू बायकांना त्यांनी एकत्र आणले आणि एकत्रच शिकू दिले.

पुढे मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी पुण्यात बायकांची मिरवणूक काढली. १९२४ साली त्या निवर्तल्या.