बंडारनायके : धम्माच्या नावाने सत्ता मिळाली, पण पुढे काय झाले?

धार्मिक मूलतत्त्ववादाविषयी आम्ही बोलतो तेव्हा आमचे बोट नेहमी दुसऱ्याच्या धर्माकडे असते. बौद्धांना या रोगाची बाधा होणारच नाही, असे आमच्यातील अनेक तरुण गृहीत धरतात. त्यांनी श्रीलंकेचे चौथे पंतप्रधान एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांचे आयुष्य जरूर समजून घ्यावे.

८ जानेवारी १८९९ रोजी कोलंबोत एका श्रीमंत, इंग्रजधार्जिण्या ख्रिस्ती घराण्यात त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डला शिकून १९२५ मध्ये ते मायदेशी परतले. त्यांना इंग्रजी उत्तम येत होते, पण सिंहली मात्र नव्याने शिकावी लागली. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडून बौद्ध धर्म स्वीकारला. १९२६ मध्ये याच तरुणाने देशात संघराज्य हवे, असा विचार मांडला होता. सिंहली आणि तमिळ या दोन्ही समाजांना आपापला कारभार पाहता यावा, ही त्यामागची भूमिका होती.

पण मतांचे गणित वेगळे होते. देशात सिंहली बौद्ध बहुसंख्य होते आणि ब्रिटिश काळात आपल्यावर अन्याय झाला, ही त्यांची भावना खोटी नव्हती. सरकारी नोकरी इंग्रजी शिकलेल्या मूठभरांच्या हाती होती आणि खेड्यातला सिंहली शिक्षक, वैद्य, भिक्खू बाजूला पडला होता. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडून बंडारनायके यांनी श्रीलंका फ्रीडम पार्टी काढली आणि या नाराजीला वाट करून दिली. तथागतांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे होत असताना, १९५६ मध्ये निवडणूक झाली. भिक्खू गावोगावी प्रचाराला उतरले. सत्तेवर येताच सिंहली हीच एकमेव राजभाषा करू, असे आश्वासन होते. त्यांच्या आघाडीने ९५ पैकी ५१ जागा जिंकल्या आणि लगेच जूनमध्ये भाषेचे विधेयक संसदेत आणले. त्याविरुद्ध शांततेने सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ नेत्यांवर कोलंबोत जमावाने हल्ला केला.

बंडारनायके मनाने कट्टर नव्हते. जुलै १९५७ मध्ये त्यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. उत्तर आणि पूर्व भागात तमिळमधून कारभार आणि प्रादेशिक मंडळे, असा तो समंजस तोडगा होता. विरोधी पक्षाने त्याविरुद्ध मोर्चा काढला. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरासमोर ठिय्या दिला आणि त्यांनी करार रद्द केला. ज्यांच्या खांद्यावर बसून सत्ता मिळाली, त्यांना नाही म्हणण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. पुढच्याच महिन्यात दंगली पेटल्या. शेकडो माणसे मेली, त्यांत बहुतांश तमिळ होते.

२५ सप्टेंबर १९५९ रोजी सकाळी बंडारनायके घरी लोकांना भेटत होते. चीवर घातलेल्या तलदुवे सोमाराम या भिक्खूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कटाचा सूत्रधार होता केलनिया विहाराचा प्रमुख भिक्खू बुद्धरक्खित. १९५६ च्या प्रचारात तोच आघाडीवर होता. सरकारकडून हवे ते आर्थिक लाभ मिळाले नाहीत, हा राग खटल्यात पुढे आला. धर्म सत्तेच्या दारात उभा राहिला की त्याच्यामागे धंदाही येतो. मरणापूर्वी बंडारनायके यांनी मारेकऱ्याला करुणा दाखवा, असा निरोप दिला होता. त्यांच्याच सरकारने फाशी स्थगित केली होती. हत्येनंतर ती पुन्हा आणली गेली आणि १९६२ मध्ये सोमारामला फाशी झाली.

राजकारणातला मूलतत्त्ववाद आणि कायद्यातला मूलतत्त्ववाद यांची तुलना इथे करावी लागते. राजकारणात शिरलेली धर्मांधता दंगल घडवते, माणसे मारते, पण तिला पुढच्या निवडणुकीत हरवता येते. कायद्यात शिरलेली धर्मांधता आवाज करत नाही. ती नोकरीच्या अर्जात, न्यायालयाच्या कागदात, पोलीस ठाण्यातल्या भाषेत राहते. ती आणणारा नेता मेला तरी ती राहते. बंडारनायके गेले, पण भाषेचा कायदा राहिला. त्यांच्या पत्नी सिरिमावो पंतप्रधान असताना १९७२ च्या संविधानाने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि जुन्या घटनेतले अल्पसंख्याकांचे संरक्षक कलम गेले. तमिळला राजभाषेचा दर्जा १९८७ च्या घटनादुरुस्तीने मिळाला, तोवर यादवी युद्ध सुरू होऊन चार वर्षे झाली होती. ते युद्ध २००९ मध्ये संपले.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला. १९५० मध्ये कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला ते गेले होते, त्यामुळे श्रीलंका त्यांना अपरिचित नव्हती. पण ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्यात कोणताही धर्म राज्याचा नाही. धम्म त्यांनी माणसांच्या हाती दिला, सरकारच्या हाती दिला नाही.

आज हिंदू राष्ट्राच्या मागणीला आम्ही विरोध करतो आणि तो केलाच पाहिजे. मात्र उद्या कुणी बौद्धांच्या नावाने दुसऱ्याचा हक्क कमी करायला निघाला, तर तोच विरोध तितक्याच जोराने करण्याची तयारी आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याची हवी.