दात उजळणारे पाणी शोधणारा थेनार

दंतवैद्याकडून दात पांढरे करून घेतल्यावर काहींच्या हिरड्यांची कड पांढुरकी पडते आणि चुणचुणते. असाच परिणाम दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये लुई-जाक थेनार यांनी नोंदवला होता, कातडीवर आणि जिभेवर.

थेनार यांचा जन्म ४ मे १७७७ रोजी फ्रान्समधल्या ला लूप्तिएर या खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. सतराव्या वर्षाच्या आसपास ते पॅरिसला आले. वोकलँ या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडे शिकायचे, तर फी भरायला पैसे नव्हते. वोकलँ नाही म्हणाले. पण त्यांच्या बहिणींनी रदबदली केली, कारण हा मुलगा चुलीवरच्या रश्शाकडे नीट लक्ष देईल असे त्यांना वाटले, असे सांगतात. बाटल्या धुता धुता थेनार शिकले, आणि १८०४ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये त्याच वोकलँ यांच्या जागी प्राध्यापक झाले. चिनी मातीच्या भांड्यांवर टिकणारा कोबाल्टचा निळा रंग त्यांचाच. गे-लुसाक यांच्यासोबत त्यांनी १८०८ मध्ये बोरॉन वेगळे केले.

दातांशी संबंध येतो तो १८१८ मध्ये. बेरियम पेरॉक्साइडवर आम्लाची प्रक्रिया करताना त्यांना पाण्यासारखाच दिसणारा एक द्रव मिळाला. त्यात प्राणवायू जास्त होता. तोच आपला हायड्रोजन पेरॉक्साइड. थेनार यांनी तो इतका शुद्ध केला, की एका माप द्रवातून ४७५ मापे प्राणवायू निघे. कातडीला लागला की ती पांढरी पडे, टोचल्यासारखे होई. जिभेवर ठेवला तर जीभ पांढरी आणि लाळ दाट होई. रक्तातल्या तंतुमय पदार्थाला लागताच तो फसफसून विघटित होतो, हेही त्यांनी पाहिले. पुढे त्यांनी याच द्रवाने राफाएलच्या एका जुन्या चित्रातला काळवंडलेला शिशाचा पांढरा रंग पूर्ववत केला.

आजच्या दवाखान्यातली जेल याच द्रवाची असते, बहुधा २५ ते ४० टक्के तीव्रतेची. पेरॉक्साइड दाताच्या कवचातून आत झिरपते आणि रंग देणाऱ्या रेणूंचे विघटन करते. पण हिरडीला ते लागले, तर तिच्या पेशींतले विकर प्राणवायूचे बुडबुडे सोडते, ऊतक पांढरे पडते आणि जळजळते. म्हणूनच आधी हिरडीवर संरक्षक थर लावतात. तो घाईत नीट बसला नाही, की त्रास होतो. जेल गळून हिरडीला लागल्याचे जाणवले, तर 'थोडे सोसू' म्हणून गप्प बसू नये. लगेच सांगावे, म्हणजे ती पुसून भरपूर पाण्याने धुता येते.

नंतरचे एक-दोन दिवस मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा आणि साधे, सोसवेल असे जेवण पुरते. तिखट, आंबट, फार गरम आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळावा. तंबाखू आणि मिश्रीही. दात उजळून घेऊन पुन्हा मिश्री लावणे म्हणजे पैसे आणि हिरडी दोन्ही वाया. पांढुरकेपणा बहुतेकदा लवकर जातो. तो टिकला, हिरडी सोलवटली किंवा रक्त येत राहिले, तर दंतवैद्याला दाखवावे. औषधाच्या दुकानातून बाटली आणून घरी कापसाने दात घासणे हा तर सरळ धोका आहे.

तीव्र रसायने हाताळण्यात मुरलेल्या थेनार यांच्याही हातून एकदा चूक झाली. व्याख्यान देताना साखरेचे पाणी समजून त्यांनी पाऱ्याच्या जहरी क्षाराचे द्रावण प्यायले. चूक लक्षात येताच त्यांनी विद्यार्थ्यांना शांतपणे ती सांगितली आणि अंडी मागवली. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने विष बांधले गेले आणि ते वाचले.

१८२५ मध्ये ते बॅरन झाले. गरिबीतून आलेल्या या माणसाने १८५७ मध्ये अडचणीतल्या शास्त्रज्ञांच्या कुटुंबांसाठी मदत संस्था काढली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे खेडे आज ला लूप्तिएर-थेनार या नावाने ओळखले जाते.