बर्फात गाडी चालावी म्हणून झटलेला माणूस, आणि ती थांबवणारी लाल दोरी

मुंबईत रोज लोकलने जाणाऱ्यांना बॉम्बार्डिअर हे नाव नवं नाही. २०१५ पासून लोकलच्या ताफ्यात ज्या नव्या गाड्या आल्या, त्यातल्या बऱ्याच गाड्यांची विजेची यंत्रणा या कंपनीची होती. डबे बनले चेन्नईत, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते बॉम्बार्डिअर लोकल. दिल्ली मेट्रोतही याच कंपनीच्या गाड्या धावतात.

पण बॉम्बार्डिअर हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे. त्या माणसाने आयुष्यात एकही लोकल बनवली नाही. त्याने बनवली ती बर्फावर धावणारी गाडी, म्हणजेच स्नोमोबाईल.

गुलमर्गला फिरायला गेलेल्यांनी ही गाडी पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मोटरसायकलसारखी सीट. अशा गाड्यांच्या हँडलजवळ बऱ्याचदा एक गुंडाळीची दोरी असते. तिचं एक टोक गाडीच्या बटणावर टोपीसारखं बसतं, दुसरं चालवणाऱ्याच्या जॅकेटला. चालवणारा पडला की टोपी निघते आणि इंजिन बंद. ट्रेडमिलवर कपड्यांना लावायची लाल दोरी असते ना, अगदी तसंच.

ही दोरी बॉम्बार्डिअर यांनी शोधलेली नाही. पण ती का लागते, आणि ती बिघडली तर काय करायचं, हे समजून घ्यायचं तर त्यांची गोष्ट माहीत असायला हवी.

पंधरा वर्षांचा मुलगा आणि उघडा पंखा

जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिअर यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा. गाव व्हालकूर, कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातलं. आठ भावंडांत आर्मांड थोरला. वडील अल्फ्रेड शेती आणि दुकान सांभाळायचे. आर्मांडला लहानपणापासून यंत्रांचं वेड. घड्याळाची चाकं काढून त्यातून खेळण्यातल्या गाड्या बनवायच्या, हा त्याचा उद्योग.

वडिलांनी पोराच्या हातात फोर्ड मॉडेल टी गाडीचं एक बिघडलेलं इंजिन दिलं. दुरुस्त करत बसेल, तेवढाच गुंतून राहील, असा हिशोब. पोराने ते नुसतं दुरुस्त केलं नाही, तर एका घसरगाडीवर बसवलं आणि मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला.

३१ डिसेंबर १९२२ रोजी हे यंत्र व्हालकूरच्या रस्त्यावर बर्फात धावलं. पुढे दिशा सांभाळायला भाऊ लिओपोल्ड, मागे इंजिनावर आर्मांड. प्रयोग जमला. पण मागे फिरणारा पंखा पूर्ण उघडा होता. कुणी जवळ आलं असतं तर थेट जिवावर बेतलं असतं. वडिलांनी ते यंत्र तिथल्या तिथे मोडून टाकायला लावलं.

म्हणजे पहिल्याच दिवशी या गाडीचे दोन्ही प्रश्न समोर आले. एक, बर्फात गाडी चालवायची कशी? दोन, ती माणसाला इजा करणार नाही याची काळजी कशी घ्यायची? पहिल्या प्रश्नाने आर्मांडला आयुष्यभर पछाडलं. दुसऱ्याचं नीट उत्तर यायला बरीच वर्षं गेली.

धर्मगुरू व्हायचं सोडून गराज

घरच्यांची इच्छा होती की थोरल्याने धर्मगुरू व्हावं. त्यासाठी त्याला शेरब्रूकच्या धार्मिक विद्यालयात घातलं होतं. पण सतराव्या वर्षी त्याने ती वाट सोडली आणि गराजमध्ये हाताखाली काम शिकायला लागला. १९२६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने व्हालकूरमध्ये स्वतःचं गराज टाकलं. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक यांच्याशी लग्न झालं.

उन्हाळ्यात गाड्या दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात बर्फगाडीचे प्रयोग, असं चक्र सुरू झालं. क्यूबेकच्या खेड्यांत तेव्हा हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढला जात नसे. मोटारी महिनोन्महिने उभ्या राहायच्या आणि माणसं घोड्याच्या घसरगाडीने ये-जा करायची. डॉक्टर गाठायचा तरी तोच मार्ग.

१९३४ चा हिवाळा

या हिवाळ्यात बॉम्बार्डिअर दांपत्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ आजारी पडला. अपेंडिक्सचं दुखणं पोटभर पसरलं. शेरब्रूकचं हॉस्पिटल लांब आणि रस्ते बर्फाखाली. वडिलांच्या गराजमध्ये बर्फगाडीचे नमुने होते, पण आजारी मुलाला घेऊन निघावं असं चालू स्थितीतलं भरवशाचं एकही यंत्र नव्हतं. मुलगा वाचला नाही.

बर्फगाडीचा नाद त्यांना आधीपासून होता, त्यामुळे मुलगा गेला म्हणून त्यांनी ती शोधली असं म्हणता येणार नाही. पण यानंतर प्रश्न नुसत्या प्रयोगाचा उरला नाही. बर्फात कधीही, कुणालाही घेऊन जाईल अशी गाडी हवी होती.

वर्षभरात त्यांना मार्ग सापडला. अडचण अशी होती की मऊ बर्फात चाकं रुततात, आणि पट्टा लावला तर तो फिरवणाऱ्या दात्यांमध्ये बर्फ अडकतो. बॉम्बार्डिअर यांनी दातेरी चाकावर रबर चढवलं आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा बसवला. रबराला बर्फ धरत नाही. १९३७ मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं.

बर्फावर चालणारी यंत्रं इतरांनीही बनवली होती. पण रोजच्या वापराची, विकत घेऊन चालवता येईल अशी गाडी बनवण्यात बॉम्बार्डिअर पुढे गेले. बी-७ ही त्यांची सात माणसांची गाडी. बी म्हणजे बॉम्बार्डिअर, ७ म्हणजे माणसं. मग १९४१ च्या सुमारास बारा माणसांची बी-१२ आली. डॉक्टर, टपाल खातं, धर्मगुरू असे गिऱ्हाईक मिळाले. या गाड्या रुग्णवाहिका झाल्या, शाळेच्या बस झाल्या. १९४२ मध्ये त्यांनी कंपनी रीतसर स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठीही बर्फावरची वाहनं बनवली.

सरकारने रस्ते साफ केले आणि धंदा बसला

१९४८ मध्ये क्यूबेक सरकारने हिवाळ्यातही रस्त्यांवरचा बर्फ काढायचं ठरवलं. लोकांची सोय झाली, पण बॉम्बार्डिअर यांच्या गाड्यांची मागणी घसरली.

ते थांबले नाहीत. रस्ते साफ झाले असतील, पण जंगलं, खाणी आणि दलदल तर तशीच आहे ना? मग त्यांनी पट्ट्यावर चालणारी कामाची वाहनं काढली. १९५३ चा मस्केग ट्रॅक्टर त्यातला नावाजलेला. जंगलतोड, तेल आणि खाणींच्या कामात तो चालला.

डोक्यात मात्र जुनीच कल्पना होती, एक-दोन माणसांची हलकी बर्फगाडी. ती अडली होती दोन गोष्टींवर, हलकं इंजिन आणि सांधा नसलेला मजबूत रबरी पट्टा. पट्ट्याचा प्रश्न सोडवण्यात मुलगा जेर्मेनचा मोठा हात होता. हलकी इंजिनंही बाजारात आली.

१९५९ मध्ये स्की-डू आली. इंजिन सात हॉर्सपॉवरचं. उत्तर ओंटारियोत आदिवासी वस्तीवर काम करणारे मिशनरी मॉरिस विमे यांच्याकडे एक नमुना वापरून पाहायला गेला. या गाडीचं नाव आधी स्की-डॉग ठरलं होतं आणि लिहिण्याच्या चुकीतून डू झालं, असा किस्सा सांगितला जातो.

पहिल्या हंगामात २२५ गाड्या विकल्या गेल्या. चार वर्षांत हा आकडा आठ हजारांच्या वर गेला.

पण चालवणारा पडला तर?

बी-७ आणि बी-१२ बंद टपाच्या गाड्या होत्या. माणसं आत बसायची. स्की-डूवर माणूस उघड्या सीटवर बसतो. उंचवट्यावर आपटला की खाली, आणि गाडी पुढे.

तसं पाहिलं तर थ्रॉटल अंगठ्याने दाबायचं असतं. अंगठा निघाला की स्प्रिंगने ते परत यायला हवं आणि गाडीचा वेग उतरायला हवा. पण कडाक्याच्या थंडीत थ्रॉटलची केबल किंवा कार्ब्युरेटरचा आतला भाग गोठून अडकू शकतो. मग माणूस बर्फात पडलेला आणि फुल थ्रॉटलची गाडी सुसाट, समोर जे येईल त्यावर.

यासाठी सुरक्षा-दोरी. बॉम्बार्डिअर यांच्या हयातीत ती रुळली नव्हती, नंतरच्या काळात सर्रास आली. जुन्या मॅग्नेटो इंजिनांत तिचं काम साधं आहे. टोपी बसलेली असली की स्विचचे आतले पत्रे एकमेकांपासून लांब राहतात आणि इंजिनला ठिणगी मिळते. टोपी निघाली की पत्रे जुळतात, ठिणगीचा करंट गाडीच्या बॉडीत उतरतो आणि इंजिन थांबतं.

म्हणूनच हा स्विच दोन उलट प्रकारांनी बिघडतो.

पहिला प्रकार: टोपी बसवूनही गाडी सुरू होत नाही. स्विचमध्ये बर्फ किंवा ओल शिरली, आतले पत्रे गंजून चिकटले किंवा वायरचं आवरण घासून ती बॉडीला टेकली, तर असं होतं.

दुसरा प्रकार: गाडी मस्त चालते, पण दोरी ओढली तरी बंद होत नाही. कारण वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला. पहिल्यात वैताग आहे, दुसऱ्यात धोका. आणि दुसरा प्रकार ओढून पाहिल्याशिवाय कळतच नाही.

तपासायचं कसं?

– आधी सोपं बघायचं. टोपी पूर्ण बसलीय का? हँडलवरचं वेगळं लाल स्टॉप बटण चालू बाजूला आहे का? निम्म्या वेळा घोळ इथेच असतो.

– टोपी काढून ती आणि तिची जागा, दोन्ही कोरडी करायची. आत साचलेला बर्फ काढायचा.

– तरीही सुरू होत नसेल तर प्लगला ठिणगी येते का ते बघायचं. येत असेल तर दोष दोरीचा नाही, पेट्रोलकडे वळायचं.

– ठिणगी नसेल तर जुन्या मॅग्नेटो गाडीत मेकॅनिक स्विचचा कनेक्टर तात्पुरता सोडवतो. ठिणगी परत आली, की दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. पण आता हा स्विच इंजिन बंद करू शकत नाही, हे लक्षात ठेवायचं. तपासणी जागेवरच, गाडीवर कुणी न बसता.

– मग मल्टिमीटर. अशा स्विचमध्ये टोपी बसलेली असताना करंटला वाट मिळायला नको, काढल्यावर मिळायला हवी. उलटं दिसलं तर स्विच बदलायचा. स्विच ठीक असेल तर हँडलजवळची वायर बघायची. हँडल वळलं की ती दर वेळी वाकते.

– नव्या गाड्यांचं गणित वेगळं. बॉम्बार्डिअर यांच्या वारशातल्या स्की-डूच्या बऱ्याच मॉडेलमध्ये टोपीत चिप असते आणि गाडी तिचा कोड ओळखते. दुसऱ्या गाडीची टोपी लावून चालत नाही. दिवा लागून किंवा बीप वाजून गाडी इशारा देते. त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो, आणि नवी टोपी नोंदवायला डीलरकडे जावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, कनेक्टर काढल्यावर गाडी सुरू झाली म्हणून ती तशीच चालवायची नाही. जुगाडाने गाडी चालते, पण पडल्यावर थांबत नाही. प्रत्येक फेरीआधी इंजिन संथ चालू असताना दोरी एकदा ओढायची. इंजिन थांबलं तरच निघायचं.

गुलमर्गला स्नोमोबाईलवर बसताना आणि तारकर्लीला किंवा गोव्यात जेट स्कीवर बसताना हे विचारायला लाजायचं कारण नाही. जेट स्कीवरही अशीच दोरी असते. ती हँडलला लटकत ठेवून उपयोग नाही, अंगाला लावलेली हवी.

पुढे काय झालं?

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी बॉम्बार्डिअर कॅन्सरने गेले. वय ५६. नावावर चाळीसहून जास्त पेटंट होती. स्की-डूची खरी लाट त्यांच्यानंतर आली. १९६६ मध्ये जावई लोराँ बोदुआँ यांनी कंपनी हातात घेतली. १९७० च्या दशकात कंपनी रेल्वेत उतरली, १९८६ मध्ये विमानांत. २००३ मध्ये स्नोमोबाईलचा व्यवसाय बीआरपी या नावाने वेगळा झाला. २०२१ मध्ये रेल्वेचा व्यवसाय फ्रान्सच्या अल्स्टॉमने घेतला. व्हालकूरमध्ये आज त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

१९३४ मध्ये बॉम्बार्डिअर यांच्याकडे गाडी होती, पण ऐन वेळी चालेल याचा भरवसा नव्हता. तो भरवसा त्यांनी पुढच्या पंचवीस वर्षांत मिळवून दिला. ऐन वेळी थांबेल याचा भरवसा मात्र कुणी शोधक देऊ शकत नाही. तो दर वेळी चालवणाऱ्याने दोरी ओढून करून घ्यायचा असतो.